रेषेची जाडी

राजाजीनगर, बेंगळूर
१२ ऑगस्ट २०२४

अण्णा,

मायन्यात काय लिहावं यापायी दोन कागद फाडले. तीर्थरूप लिहिलं तर तू म्हणशील, अकरा वर्षं हे तीर्थ आठवलं नाही का? प्रिय लिहिलं तर म्हणशील, वसू शहरात राहून बिघडली. तेव्हा नुसतंच अण्णा.

हे पत्र नीलिमा तुला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात तिनेच फोन करून सगळं सांगितलं. काचबिंदूने तुझे दोन्ही डोळे जवळजवळ नेले, उजेड-अंधार तेवढा कळतो, दोन वर्षांत तू गच्चीची पायरी चढला नाहीस, आणि कुणी फोन हातात दिला तर मान फिरवतोस. बरं, फोनला मान फिरवशील, पत्राला कशी फिरवणार? कान शाबूत आहेत ना? नीलिमा, बाई, सासरे रागावले तरी एक शब्द गाळू नकोस.

तर बातमी अशी की मी मास्तरीण झाले. भूमितीची! हस, पोटभर हस. सातवीत तूच मला वर्गात भूमिती शिकवलीस, पस्तीस मार्क देऊन काठावर ढकललंस, आणि घरी येऊन आईला सांगितलंस, "बहीण म्हणून अर्धा मार्कसुद्धा जास्त दिलेला नाही." त्याच वर्षी मी वर्गात उभी राहून विचारलं होतं, "सर, रेषेला जाडी किती असते?" आणि तू फळ्यावर खडू आडवा धरून बोटभर जाड रेघ ओढलीस, म्हणालास, "ही वसुमतीसाठी स्पेशल." सगळा वर्ग बाकं बडवून हसला होता. ती मी आता बासष्टाव्या वर्षी भूमिती शिकवते!

झालं असं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पत्रा वाकवायच्या मशिनवर नागराज म्हणून आहे, निपाणीकडचा. त्याची मुलगी दिव्यश्री सातवीत. जूनमध्ये एका शनिवारी ती बापाचा डबा घेऊन आली आणि पत्र्यांच्या चळतीवर बसून मुसमुसून रडायला लागली. भूमितीत पंचवीसपैकी चार. पेपर बघितला तर काटकोन म्हणजे काय हे तिला पाठ होतं, पण तो कुठे असतो हे माहीत नव्हतं! मी तिला हाताला धरून उठवलं आणि कारखाना फिरवून आणला. इथे काटकोन, तिथे लघुकोन, ही नळी म्हणजे वृत्तचिती, हे नरसाळं म्हणजे शंकू, आणि शंकू उलगडला की बघ, पंख्यासारखा सपाट पत्रा! पोरीचे डोळे असे मोठे झाले. दुसऱ्या रविवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. आता सात जण येतात. कारखाना बंद असतो, आम्ही शटर अर्धं उघडून बसतो. मी सकाळी मेट्रोने जाते, पिशवीत खडू, कात्री आणि पोरांना चिरमुऱ्याचा चिवडा.

आता मुद्द्यावर येते. काल मी त्यांना एका जुन्या गोल पत्र्याचा मध्य काढून दाखवला. आमची रीत साधी आहे. मोठा गुण्या घ्यायचा, त्याचा काटकोनी कोपरा पत्र्याच्या कडेला टेकवायचा. गुण्याचे दोन हात कडेला जिथे भेटतात तिथे खुणा. खुणा जोडल्या की व्यास. गुण्या थोडा सरकवून असाच दुसरा व्यास. दोन्ही जिथे एकमेकांना कापतात तो मध्य. लग्नानंतर ह्यांनी मला आखणी शिकवली तेव्हापासून मी असाच मध्य काढते, कधी केसभर चुकला नाही.

दिव्यश्री म्हणाली, "आंटी, याके?" आमच्या वर्गात हा शब्द फार. कानडीतला 'का'. "पर असं का हुतंय ते सांगा की!"

का होतं हे मला माहीतच नाही, अण्णा! चाळीस वर्षं हात चालला, डोकं कधी विचारायला गेलं नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "होतं म्हणून होतं." सात पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मला येत नाही, पण ज्याला येतं असा एक माणूस मला माहीत आहे.

तो माणूस तू. रविवारच्या आत नाही जमलं तर त्याच्या पुढच्या रविवारच्या आत कळव.

वसू

---

२७ ऑगस्ट २०२४

अण्णा!

पोस्टकार्ड मिळालं! वर मायना नाही, खाली सही नाही, खुशाली नाही, नुसतं पक्ष, साध्य, सिद्धता. नीलिमाच्या अक्षरात तू अगदी जसाच्या तसा उतरला आहेस. मी जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच खाली बसले. शेजारच्या भागीरथीबाई धावत आल्या, त्यांना वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, चक्कर नाही हो, सिद्धता आली!

रविवारी काय धमाल झाली म्हणून सांगू. तू सांगितलंस तसं मध्यापासून कडेवरच्या टेकवलेल्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. मोठ्या त्रिकोणाचे दोन तुकडे झाले. मी विचारलं, मध्यापासून कड कुठेही किती लांब? सगळी ओरडली, सेम! म्हणजे दोन्ही तुकड्यांच्या दोन-दोन बाजू सेम, दोन्ही समद्विभुज. मग एका तुकड्याचे पायाजवळचे दोन कोन लाल खडूने रंगवले, दुसऱ्याचे दोन निळ्याने. लाल लालाएवढा, निळा निळ्याएवढा. मोठ्या त्रिकोणात आता किती कोन? दोन लाल, दोन निळे, मिळून एकशे ऐंशी. मग एक लाल आणि एक निळा मिळून किती? मी एवढं विचारलं आणि खडू खाली ठेवला. मग दिव्यश्री पत्र्यावर थाप मारून किंचाळली, "नाइंटी! आंटी, त्यो कोपरा म्हणजे एक लाल आन् एक निळाच की!"

अण्णा, तीस-पस्तीस वर्षं वर्गात तुला रोज असं वाटत होतं का रे? मग तू एवढा खडूस कसा राहिलास?

आणि इथवर ठीक होतं. पण ती पोरगी चिवडा खाता खाता म्हणते, "हे उलटं झालं. व्यास असला की काटकोन होतो हे कळलं. आपण तर काटकोन आधी ठेवतो. मग तिथं व्यासच मिळतोय कशावरून?" मला वाटलं होतं सुटले. पण तिचं बरोबर आहे! तुझ्या सिद्धतेने अर्धंच काम होतं. तेव्हा उरलेलं अर्धं पाठव.

आता एक कबुली. मागच्या पत्रात मी 'एक जुना गोल पत्रा' असं लिहिलं. तो कुठला पत्रा हे तू ओळखलं असशील, तरी नीलिमासाठी लिहिते, कारण तेव्हा ती सून म्हणून यायची होती. नीलिमा, अकरा वर्षांपूर्वी तुमच्या बेळगावच्या घराची वास्तुशांत झाली. गच्चीवर विटांची गोल पाण्याची टाकी बांधली होती. तिला झाकण आमच्या ह्यांनी करायचं, मेव्हण्याकडून भेट. तुझ्या सासऱ्यांनी माप कळवलं, व्यास नव्वद सेंटिमीटर. ह्यांनी जाड जस्ती पत्र्याचं झाकण केलं, कडेला चार बोटं खाली वळवलेली पट्टी, म्हणजे टाकीवर टोपीसारखं बसेल. गाडीत घालून नेलं. आणि टाकीवर ठेवलं तर बाळाचं टोपडं आजोबांच्या डोक्यावर! पट्टी भिंतीबाहेर जायलाच तयार नाही. सगळे पाहुणे बघायला गच्चीवर आले, तेवढ्यात वारा सुटला आणि झाकण उडून शेजारच्या परसात जाऊन पडलं. आणि अण्णा, तू पन्नास माणसांत काय बोललास? "व्यंकटेशराव, वर्तुळाचा व्यास मोजता येत नाही आणि कारखाना चालवता?"

हे जिना उतरून शेजारच्या परसात गेले. झाकण उचललं, गाडीत घातलं. तेव्हापासून ते पीण्याला भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आहे, आणि तेव्हापासून आम्ही बेळगावला आलो नाही. मुलांना वर्तुळ शिकवायला मी तेच खाली काढते. ह्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कपाळाला आठी पडली, पण 'नको' म्हणाले नाहीत.

कार्ड त्यांनाही दाखवलं. "हे मास्तरांचं अक्षर नव्हे," म्हणाले. मग मला तुझ्या डोळ्यांचं सांगावं लागलं. ऐकलं, आणि कानस घेऊन एका पट्टीची धार बोथट करत बसले. त्या पट्टीला धार मुळीच नव्हती.

वसू

---

१० सप्टेंबर २०२४

अण्णा,

दुसरं कार्ड आलं आणि त्यावर पहिलीच ओळ: "ही मुलगी कोण? हिला सांभाळा." मी ती ओळ दिव्यश्रीला वाचून दाखवली. तिने कार्ड मागून घेतलं आणि वहीत ठेवलं. आता परत द्यायला तयार नाही.

आणि काय सोपं करून सांगितलंस! काटकोनी त्रिकोणाला त्याच्याच मापाचा दुसरा उलटा करून जोड, आयत होतो. आयताचे दोन्ही कर्ण सारखे आणि एकमेकांना मधोमध कापतात. म्हणजे तो मधला बिंदू चारही कोपऱ्यांपासून सारखाच लांब, म्हणून तोच वर्तुळाचा मध्य, आणि कर्ण तोच व्यास. आम्ही पत्र्याचे दोन त्रिकोण खरेच कापले आणि जोडून बघितले. पोरांनी इतका गलका केला की पलीकडच्या कारखान्याचा वॉचमन विचारायला आला. त्यालाही समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सरी मेडम," म्हणजे ठीक आहे, आणि चिवडा घेऊन गेला.

आता माझा पराक्रम ऐक. शाळेत दिव्यश्रीची चाचणी झाली. प्रश्न होता, व्यास चौदा सेंटिमीटर, परीघ काढा. बाईंनी तिचं उत्तर चूक दिलं. मी पदर खोचला, म्हटलं शाळेतच जाते. मग पेपर बघितला. उत्तर लिहिलं होतं, पंचेचाळीस! बावीस सप्तमांश गुणिले चौदा, चव्वेचाळीस, इथपर्यंत सगळं बरोबर. आणि पुढे सुवाच्य अक्षरात: "अधिक एक सेमी, जोडासाठी." मीच शिकवलेलं, दुसरं कोण? पत्रा गोल वळवायचा तर टोकं एकमेकांत अडकवायला जास्तीचा ठेवावाच लागतो. नाही ठेवला तर नळी उघडी पडेल! पण परीक्षेतल्या वर्तुळाला जोड नसतो हे मी सांगायचं विसरले. मी पोटात दुखेपर्यंत हसले, पोर मात्र रागावली. "मग पेपरातलं वर्तुळ बंद कसं हुतंय?" तिला मी तुझी ती गोष्ट सांगितली, भूमितीतल्या रेषेला जाडीच नसते. तिला काही पटलं नाही. खरं सांगू, मलाही कधी पटलं नव्हतं.

परवाच्या रविवारी, ऐन गणपतीत, हे आपणहून वर्गाला आले. स्टुलावर बसले. मग न राहवून उठले, गुण्या हातात घेतला आणि स्वतः झाकणाचा मध्य काढून दाखवला. मध्य अगदी बरोबर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे लाजले! चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दुसऱ्यांदा लाजताना बघितलं.

घरी येताना मेट्रोत म्हणाले, "मास्तरांचं डोकं अजून कसं चालतं बघ. माणूस हुशार, त्यात वाद नाही." मी आनंदाने फुलले. आणि पुढचं स्टेशन यायच्या आत म्हणाले, "पण खोटं बोलले. त्या दिवशी झाकण उचलायला खाली जायच्या आधी मी टाकीला टेप लावून बघितली. नव्वद आतलं होतं. भिंत आठ सेंटिमीटरची. मला बाहेरचं सांगितलं आणि वर चारचौघांत मलाच हसले. मी गप्प बसलो, पाहुण्यांत जावयाने काय भांडायचं? पण मला ते विसरता येत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. राजाजीनगर आलं तर मला उतरायचं भान नव्हतं, त्यांनी दंड धरून उतरवलं.

वसू

---

२४ सप्टेंबर २०२४

अण्णा,

नीलिमा, आता सावकाश वाच. घाई करू नकोस आणि गाळू तर अजिबात नकोस.

चौदा दिवस मी पत्र लिहिलं नाही. तुझं कार्डही आलं नाही, कारण मी काही विचारलंच नव्हतं. विचारायचं होतं ते अकरा वर्षांपूर्वी.

तू माप कळवलंस तेव्हा फोन मी घेतला होता. नव्वद म्हणालास आणि ठेवलास. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी लगेच विचारलं, "आतलं की बाहेरचं?" आमच्या धंद्यात हा पहिला प्रश्न. पत्र्याला जाडी असते, भिंतीला जाडी असते, सगळ्या वस्तूंना आत आणि बाहेर असतं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी परत विचारलं, "मास्तरांना फोन केलास का?" मी फोन उचललाही होता. चार आकडे फिरवून ठेवून दिला.

कारण तू काय म्हणशील ते मला ऐकूच यायला लागलं. "वसू, वर्तुळ म्हणजे रेषा. रेषेला आत-बाहेर दोन व्यास असतात का? अजून जाड रेघ हवी का तुला?" पन्नास वर्षांची बाई मी, चार माणसांना कामाला लावणारी, आणि मला सातवीतल्या बाकांचा आवाज यायला लागला. मी ह्यांना सांगितलं, "केला फोन. अण्णा म्हणाला, बाहेरचं."

तू पाण्याचा हिशेब करत होतास, टाकीत किती लिटर मावेल त्याचा, म्हणून आतून मोजलंस. तुझंही बरोबर. ह्यांनी मी सांगितलेलं माप केसभरही चुकवलं नाही. त्यांचंही बरोबर. मध्ये मी होते.

आणि मग गच्चीवर झाकण उडालं तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तू हसलास, सगळे हसले, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, आता मला रागवायला कारण मिळालं! अकरा वर्षं मी तुझ्यावर रागावले, कारण तू माझ्या नवऱ्याचा अपमान केलास. हे तुझ्यावर रागावले, कारण त्यांना वाटतं तू खोटं बोललास. तू रागावलास कारण आम्ही फिरकलो नाही. तिघेही एका खोट्यावर उभे, आणि ते खोटं माझं.

तू चुकला नाहीस असं मी म्हणत नाही. पन्नास माणसांत तसं बोलायला नको होतंस. आणि सातवीतही नको होतंस, अण्णा. मी प्रश्न विचारला होता, चेष्टा नव्हती केली. पण ते वेगळं, हे वेगळं. एकाने दुसरं फिटत नाही.

हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मग घरी जाऊन ह्यांना सांगते. उलट क्रमाने केलं तर धीर सुटेल. ते काय करतील मला माहीत नाही. त्यांनी माझ्या शब्दावर पत्रा कापला, चाळीस वर्षं माझ्याच शब्दावर कापतात. मी आखलेल्या रेघेवर ते दुसऱ्यांदा टेप लावत नाहीत. उद्यापासून लावतील का, याची मला भीती वाटते.

वसू

---

१३ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

क्रमाने सांगते, नाहीतर उत्साहात सगळं एकदम बाहेर पडेल.

त्या दिवशी पेटीत पत्र टाकून घरी आले. हे कॉफी पीत होते. उभ्यानेच सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अकरा वर्षं मी त्या माणसाला खोटा समजलो." आणि मग, "आणि तू समजू दिलंस."

दुसऱ्या दिवसापासून घरात बोलणं बंद. कारखान्यात बोलायचे, पण फक्त मापं. "दोनशे चाळीस." "एकशे दहा." मी आखायची, ते कापायचे. मी चोरून बघायची, टेप लावतात का. लावली नाही, अण्णा. एकदाही नाही. रागात होते तरी माझ्या रेघेवर तशीच कात्री चालवली. मी पत्र्यांच्या मागे जाऊन रडून आले.

असे पंधरा दिवस. मग परवा शुक्रवारी आयुधपूजा. अख्खं पीण्या झेंडूने पिवळं झालेलं. आमच्याकडेही मशिनं पुसली, नागराजने कोहळा फोडला, सगळी हत्यारं पाटावर मांडली. गुण्या, कंपास, कात्र्या, टेप, माझी आखणीची सुई. पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे तर तुला ठाऊकच. सगळं मांडून झाल्यावर हे उठले, भिंतीवरून ते झाकण काढलं, फडक्याने पुसलं आणि हत्यारांच्या मधोमध ठेवून त्यालाही हळद-कुंकू लावलं. दिव्यश्री आणि तिची पलटण बघत होती.

तुझं पाकीट आदल्या दिवशीच आलं होतं. मी ते न फोडता पिशवीत घालून फिरत होते. मला वाटलं, आता सिद्धता येणार की वसू नालायक आहे. पूजा झाल्यावर ह्यांच्या समोर फोडलं. आत सुतळी! दोन टोकांना दोन गाठी, आणि नीलिमाचं अर्धं पान.

मी मोठ्याने वाचलं. की जुनी पाडून गेल्या वर्षी नवी बांधलेली गोल टाकी अजून उघडीच आहे, वर फळी आणि दोन विटा. की पत्र ऐकून बाबा दोन दिवस जेवणापुरते उठले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला गच्चीवर ने. दोन वर्षांनी चढले, एकेक पायरी मोजत. टाकीच्या कडेवर हात फिरवला. मग चौकोनी पाट मागवला, त्याचा कोपरा बोटांनी चाचपून कडेवर टेकवला, पाटाच्या दोन बाजूंनी दोन सुतळ्या सरळ ताणायला सांगितल्या, त्या कडेला जिथे भेटल्या तिथे स्वतः अंगठे ठेवले, आणि एका अंगठ्यापासून दुसऱ्यापर्यंत ही सुतळी बांधून घेतली. "बाबांनी सांगायला सांगितलंय, व्यंकटेशरावांच्या रीतीने व्यास काढला आहे, म्हणून चुकायचा नाही. आणि म्हणाले, आत्याला सांग, रेषेला जाडी नसते, पण भिंतीला असते. सातवीतल्या मुलीला ते कळत होतं, मास्तरला कळलं नाही."

पुढचं मला वाचवेना. दिव्यश्रीने कागद घेतला, पण तिला मराठी अक्षर नीट लागत नाही, म्हणून ह्यांनी तिच्या हातून घेऊन वाचला. दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

मग सुतळी झाकणावर आडवी ताणून बघितली. दोन्हीकडून बाहेर आली. टेप पूजेत, म्हणून वितीने मोजली, पाच विती आणि चार बोटं. बोटांत धरून बसले. आणि पंधरा दिवसांनी मापाशिवाय पहिलं वाक्य माझ्याशी बोलले. खरं तर हेही मापाचंच. म्हणाले, "आतलं की बाहेरचं?"

अण्णा, सगळं लिहिलंस आणि तेवढं पुन्हा नाही कळवलंस! एवढं रामायण झालं तरी! आतल्या कडेला पाट टेकवलास की बाहेरच्या, याचा पत्त्यावरसुद्धा उल्लेख नाही. मास्तर तो मास्तरच.

आणि खरं सांगते, माझ्या जिभेवर 'बाहेरचं' येऊन उभं राहिलं होतं. आता कोण आतून मोजेल, असं वाटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला माहीत नाही. विचारते."

हे म्हणाले, "सरी. विचार." आणि हसले. मग म्हणाले, "मास्तरांना माझंही काही सांगायचंय, ते मी तिथे येऊन सांगेन."

काल दसऱ्याला पूजा उतरवली. जस्ती पत्रा काढून ठेवला आहे. येत्या रविवारी पोरांच्या समोर कापायचा, मध्य दिव्यश्री काढणार, जोडाला जास्तीचा किती ठेवायचा तेही तीच सांगणार. सोमवारी आम्ही दोघे झाकण घेऊन बेळगावला येतोय. आपट्याची पानंही आणते, दसरा उलटून गेला असेल तरी घे. कार्डाची वाट बघायला वेळ नाही, म्हणून ह्या एका प्रश्नाला तरी मान न फिरवता फोन हातात धर. मी शनिवारी सकाळी करते. मी फोन करते, अण्णा, सगळे आकडे फिरवून.

प्रश्न नीट मांडला आहे की नाही तेवढं बघून ठेव. नीलिमा, हे मोठ्याने वाच.

आतलं की बाहेरचं?

वसू